कल्याणची शांबरी माया

दिवाळीच्या अंकात दिव्यांवर लिहावे, असा रिवाजच आहे. मीही एका दिव्याविषयीच लिहिणार आहे. मात्र तो देवघरातला नव्हे, की आकाशकंदिलातलाही नव्हे. तो आहे कल्याणच्या पटवर्धनांच्या जादूच्या कंदिलातला.

सिनेमाचा आपल्याकडचा इतिहास सांगताना आपण ७ जुलै १८९६ पासून आरंभ करतो. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. पण त्याच्याही आधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन कंदिलाचे खेळ करू लागले होते. विनायक आणि रामचंद्र हे त्यांचे पुत्रही या उद्योगात होते. खेळाचे नाव मोठे भारदस्त : ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणांतला मायावी असुर; त्याच्यावरून शांबरी म्हणजे माया.

या मायेची करणी समजायला सोपी आहे. मागे दिवा, पुढे भिंग आणि मध्ये हाताने रंगवलेली काच. काच उलटी घातली म्हणजे पडद्यावर चित्र सुलटे! एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवायच्या आणि एकाहून अधिक कंदिलांतून एकाच जागी भराभर पाडायच्या. पाहणाऱ्याला वाटे, पात्र हालले. रामायणातले प्रसंग असत, तशा सर्कशीतल्या कसरतीही असत. चित्रे मुकी होती. त्यांना वाचा देत ती माणसे.

या कंदिलाची मला यंदा तीव्रतेने आठवण झाली, ती एका अगदी नव्या यंत्रामुळे. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून आला, तो डोंबिवलीच्या आमच्या घरी ‘व्हिजन प्रो’ घेऊन. ॲपल कंपनीचे हे डोळ्यांवर बांधायचे यंत्र अमेरिकेत २ फेब्रुवारी २०२४ रोजी विक्रीस आले. किंमत ३,४९९ डॉलर, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये!

मी ते चढवले. समोर आमचीच खोली दिसत होती. पण ती काचेतून नव्हे. बाहेरचे कॅमेरे ती टिपतात आणि डोळ्यांपुढचे दोन चिमुकले पडदे ती दाखवतात. त्या खोलीत चित्रे तरंगू लागली. ज्याकडे पाहावे ते निवडले जाते. अंगठा आणि तर्जनी जुळवली की ते उघडते. वरची एक कळ फिरवली, तशी भिंत विरत गेली आणि डोंगर उभे राहिले. मी थक्क होऊन पाहत होतो. घरच्या मंडळींना मात्र दिसत होता आमटीत मीठ घालावे तशी हवेत चिमूट सोडणारा एक मास्तर. ती हसत होती, आणि त्या हसण्यात मी नव्हतो.

वाचकहो, मायेची ही दोन घराणी आहेत. कंदिलाचे घराणे एका उजेडापुढे शंभर माणसे बसवते. दुसरे आहे डोळ्यांना लावायच्या पेटीचे. व्हीटस्टनने १८३८ साली दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवून सपाट कागदाला खोली आणली. १९६८ साली सदरलंडने तशी चित्रे संगणकाकडून काढवून माणसाच्या डोक्यावर चढवली. व्हिजन प्रो त्याच घराण्याचे. कंदीलवाल्याला हशा ओसरेपर्यंत काच धरून ठेवता येते, मुले भ्यायली तर आवाज मऊ करता येतो. पेटी फक्त एकाच्या डोळ्यांकडे आणि बोटांकडे पाहते.

हे उणे कर्त्यांनाही जाणवले असावे. म्हणूनच त्यांनी यंत्राच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक पडदा लावून त्यावर आतल्या माणसाचे डोळे दाखवले. आणि कोणी जवळ आले, तर त्या डोंगरांतूनही ते माणूस दिसू लागेल अशी योजना केली. एकट्याने पाहणे हे काही पाप नव्हे. पुस्तकही आपण एकट्यानेच वाचतो. परंतु इतक्या हिकमती करून शेवटी शेजारच्या माणसाला आत घ्यावेच लागले, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रद्युम्नाने शंबराला मारले, ते मायावतीने दिलेल्या, सर्व माया निवारणाऱ्या विद्येच्या बळावर, असे भागवत सांगते. आपल्या मुलांच्या हाती पुढे कोणती पेटी येईल ती येवो. घरातून कोणी हाक मारली, तर ती ऐकून उठून येणे, एवढी विद्या त्यांना आधी शिकवून ठेवावी.