मेलेला कायदा आणि जिवंत मन

२००० सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील अलाबामा राज्यात एक विलक्षण मतदान झाले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांच्या विवाहाला मनाई करणारे, १९०१ सालच्या राज्यघटनेतले कलम काढून टाकावे की ठेवावे, एवढाच प्रश्न होता. त्या कलमाला कायद्याचे बळ उरलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच त्याचा जीव घेतला होता. तरीही शंभरातल्या सुमारे चाळीस मतदारांनी 'ते असू द्या' असा कौल दिला. दोन वर्षांपूर्वी दक्षिण कॅरोलायनातही असेच मतदान झाले होते. तिथे विरोधकांचे प्रमाण शेकडा ३८ च्या आसपास होते.

मेलेल्या कायद्याचे प्रेत उराशी धरून बसणारे हे मन कसे घडले?

१९५८ साली व्हर्जिनियातला रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय व आदिवासी रक्ताची तरुणी यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. ती दोघे गावी परतली आणि काही आठवड्यांतच शेरीफ मध्यरात्री त्यांच्या शय्यागृहात शिरला. गुन्हा काय, तर विवाह! शिक्षा एक वर्षाची झाली. पंचवीस वर्षे दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचे नाही, या अटीवर ती स्थगित झाली. ईश्वरानेच वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, तेव्हा त्यांची सरमिसळ त्याला मान्य नाही, असे न्यायाधीशाने लिहून ठेवले. विषमतेला देवाची सही लागते, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही बंदी रद्द केली. तोवर असे कायदे सोळा राज्यांत होते.

'आमचे वडीलधारे जुन्या वळणाचे आहेत, त्यांचे मनावर घेऊ नका' असे आज अनेक अमेरिकन तरुण सांगतात. यात थोडे तथ्य आहे. गॅलप संस्थेच्या १९५८ सालच्या पाहणीत असे विवाह मान्य असणारे शेकडा अवघे ४ होते. २०१३ साली ते ८७ झाले. त्यातही तिशीच्या आतले ९६, तर पासष्टी गाठलेले ७०. ही वृद्ध मंडळी १९४८ पर्यंत जन्मलेली. त्यांच्यापैकी दक्षिणेत वाढलेल्यांनी वेगळ्या शाळा, वेगळे नळ, बसमधल्या वेगळ्या जागा पाहिल्या. पूर्वग्रह त्यांच्या वयाने दिला नाही. शाळेने, चर्चने आणि सरकारने तो शिकवला.

पण हेच आकडे त्या सबबीचा पायाही उखडतात. जिथे शंभरात चौघांनाच हे मान्य होते, त्या समाजात वाढलेल्यांपैकी सत्तर जण म्हातारपणी होकार देतात. म्हणजे माणूस बदलू शकतो. जो बदलला नाही, त्याच्या वतीने त्याच्या वयाने माफी मागण्याचे कारण नाही. आणि हा बदल काळाने आपसूक केलेला नाही. तुरुंगात गेलेल्या, मार खाल्लेल्या, मारल्या गेलेल्या माणसांनी तो घडवून आणला.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हे बंदीचे कायदे जारी होते. पुढे १९३६ साली 'जातिसंहार' लिहिताना त्यांनी आंतरजातीय विवाह हा जातिनाशाचा खरा उपाय सांगितला, आणि त्याआधी शास्त्रांचे पावित्र्य मोडावे लागेल, हेही बजावले. आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने हिंदूंमधले असे विवाह वैध ठरवले. पण घरातली आजी सुनेची जात विचारायची थांबली का? आणि तिच्याकडे बोट दाखवून हळूच सुटका करून घेणारा सुशिक्षित नातू, तो तरी विचारायचा थांबला का?

म्हातारी माणसे जातील. जाताना ती आपले मतही बरोबर नेतील, असे समजून हातावर हात धरून बसणाऱ्याने अलाबामातले ते शेकडा चाळीस आठवावेत. ते सगळेच काही म्हातारे नव्हते.