ओझे कोणाच्या पाठीवर: सिएरा नेवाडातील वसंतातला बर्फ

सिएरा नेवाडा ही कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेने सुमारे ६४० किलोमीटर पसरलेली पर्वतरांग आहे. प्रशांत महासागरावरून येणारी हिवाळी वादळे तिच्यावर बर्फ ओततात आणि १ एप्रिलच्या सुमारास हा थर सर्वांत जाड असतो. पुढे तो वितळू लागतो, पण साडेतीन हजार मीटरच्या वरच्या खिंडींत, विशेषतः उत्तरेकडच्या उतारांवर, चांगल्या बर्फाच्या वर्षी तो जुलैपर्यंत टिकून राहतो. आज मे-जूनमध्ये याच बर्फातून पाठीवर सॅक घेतलेली माणसे घोळक्याघोळक्याने जातात. ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी बहुतेक सगळे बर्फ जाण्याची वाट पाहत, आणि त्यामागे भीतीइतकाच हात खेचरांचा होता.

या खिंडींतून ये-जा मात्र फार प्राचीन आहे. पूर्वेकडचे पायूट आदिवासी ऑब्सिडियन हा काचेसारखा दगड पश्चिमेकडे नेत आणि तिकडून ओकची फळे आणत. हा व्यापार वाटा मोकळ्या झाल्यावर चाले. बर्फात शिरणारे पुढे आले ते नाइलाजाने किंवा पोटासाठी. १८४६ च्या हिवाळ्यात अडकलेल्या, पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या डोनर तांड्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. १८५६ पासून वीस वर्षे जॉन थॉम्पसन या नॉर्वेत जन्मलेल्या शेतकऱ्याने स्वतः बनवलेल्या लांब लाकडी स्कीवरून रांगेच्या पश्चिमेकडील प्लॅसरव्हिल ते पूर्वेकडील जिनोआ असे टपाल पोचवले. तो एकटाच जाई. सरकारकडून त्याला या कामाचा मोबदला कधीच मिळाला नाही.

गटाने डोंगरात जाण्याची चाल रुजवली ती सिएरा क्लबने. जॉन म्यूर यांच्या अध्यक्षतेखाली १८९२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९०१ च्या जुलैमध्ये ट्युओलमी मेडोज येथे पहिली सामूहिक सहल नेली. विल्यम कोल्बी हे तिचे संयोजक. जवळपास शंभर जण आले होते आणि त्यांत स्त्रियाही बऱ्याच होत्या. पुढच्या काळात या सहलींचा पसारा दोनशेच्या वर गेला. तंबू, अंथरुणे, चुली, धान्य हे सगळे खेचरांवर लादलेले असे आणि मंडळी जवळजवळ रिकाम्या हातांनी चालत. लादलेले खेचर मऊ बर्फात पोटापर्यंत रुतते, म्हणून सहलीची तारीख खिंड मोकळी होण्यावर ठरे. शिवाय एवढ्या जनावरांना चारा लागे, तोही बर्फ हटल्याशिवाय उगवत नसे. या हिशेबात जूनला जागाच नव्हती.

वाटाही याच हिशेबाने बांधल्या गेल्या. म्यूर यांच्या निधनानंतर, १९१५ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्यांच्या नावाच्या पायवाटेसाठी १०,००० डॉलर मंजूर केले. सुमारे ३४० किलोमीटरची ही वाट १९३८ मध्ये पुरी झाली. या वाटेवरच्या ४,००९ मीटर उंचीच्या फॉरेस्टर खिंडीची दक्षिण बाजू खडक फोडून वळणावळणांनी चढवली, ती जनावरे नीट चढावीत म्हणून. आज बर्फाखाली ही वळणे दिसेनाशी झाली की चालणारे सरळ उतारावरून चढतात. बांधणाऱ्यांनी ती वाट या मोसमासाठी केलेलीच नव्हती.

वसंतातल्या बर्फाचे पद्धतशीर ज्ञान मात्र वेगळ्याच गरजेतून आले. रीनो येथील लॅटिनचे प्राध्यापक जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माउंट रोज शिखरावर बर्फात नळी खुपसून, तिच्यात आलेल्या बर्फाच्या वजनावरून पाणी मोजण्याची रीत बसवली. १९२९ पासून कॅलिफोर्नियात अशी मोजणी राज्यभर होऊ लागली, कारण शेतीचे पाणी यावरच अवलंबून होते. १९२८-२९ च्या हिवाळ्यात ऑर्लंड बार्थोलोम्यू हा तरुण स्कीवरून रांगेच्या माथ्याजवळून उत्तरेला योसेमिटीपर्यंत गेला. अन्नाचे साठे त्याने आधीच ठिकठिकाणी पुरून ठेवले होते. त्याच्या या प्रवासाकडे बरीच वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओझे खेचराच्या पाठीवरून माणसाच्या पाठीवर आले. नायलॉनचे तंबू, पिसांच्या झोपण्याच्या पिशव्या आणि लष्कराचे उरलेले सामान स्वस्त झाले. १९५२ मध्ये डिक केल्टी यांनी ग्लेन्डेल येथील घरी ॲल्युमिनियमच्या चौकटीची सॅक बनवून विकायला सुरुवात केली; तिने भार खांद्यांवरून कमरेवर उतरवला. खेचरांचे कळप कुरणांची नासाडी करतात ही तक्रारही याच काळात वाढली. चारा आणि वाट या दोन्ही अटी सुटल्यावर मोसम आपोआप अलीकडे सरकला.

तो नेमका जूनवर येऊन थांबला तो पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलमुळे. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतच्या या वाटेची कल्पना क्लिंटन क्लार्क यांनी १९३२ मध्ये मांडली. १९३५ ते १९३८ या काळात वायएमसीए या युवक संघटनेच्या मुलांच्या ४० तुकड्यांनी टप्प्याटप्प्याने ती चालून दाखवली. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. सुमारे ४,२६० किलोमीटर एका मोसमात चालायचे तर एप्रिलमध्ये वाळवंटातून निघावे लागते, कारण ऑक्टोबरात उत्तर टोकाला नवा बर्फ पडतो. या दोन तारखांमध्ये सिएरा जूनमध्येच येते. १९९० च्या दशकात रे जार्डिन यांनी हलक्या ओझ्याचा पुरस्कार केला आणि सिएराच्या दक्षिण दाराशी असलेल्या केनेडी मेडोजहून जूनच्या मध्यास निघावे असा सल्ला दिला; तो पुष्कळांनी मानला.

केनेडी मेडोजला वाळवंट संपते. तेथवर एकेकटे आलेले अनोळखी लोक तेथे गट करतात. याचे कारण बर्फाच्या दिनक्रमात आहे. वसंतातला बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि त्याचे दाणे साबुदाण्याएवढे होतात. पहाटे तो कठीण असतो, म्हणून खिंडीखाली मुक्काम करून अंधारातच निघायचे, बुटांना क्रॅम्पॉनचे खिळे लावायचे, आइस ॲक्स हातात ठेवायची. पुढच्याने बुटाने पायऱ्या पाडायच्या, तो थकला की दुसऱ्याने. दुपारनंतर पाय मांडीपर्यंत खचतो आणि तासाला किलोमीटरभरही अंतर पडत नाही. ओढ्यांचे वेळापत्रक याच्याशी जुळत नाही: दिवसभर वितळलेले पाणी संध्याकाळी फुगून येते आणि सकाळी सर्वांत कमी असते. जाणकार बर्फापेक्षा या ओढ्यांनाच जास्त भितात. २०१७ च्या उन्हाळ्यात या भागात दोन पदयात्री स्त्रिया पाण्यात बुडून मरण पावल्या.

लेखिका शेरिल स्ट्रेड यांनी १९९५ मध्ये ही वाट चालताना जादा बर्फामुळे सिएराचा मोठा भाग वगळला होता, पण त्यांच्या २०१२ च्या ‘वाइल्ड’ या पुस्तकाने आणि मागून आलेल्या चित्रपटाने गर्दी वाढवली. आता दक्षिण सीमेवरून दिवसाला ठरावीकच परवाने मिळतात, संरक्षित रानात एका गटात पंधराहून अधिक माणसे चालत नाहीत आणि अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे लागते. बर्फाचा भरवसा मात्र उरलेला नाही. १ एप्रिल २०१५ रोजी तो सरासरीच्या पाच टक्के भरला आणि मोजणीच्या एका ठिकाणी अधिकारी कोरड्या गवतावर उभे होते. २०२३ मध्ये तो सरासरीच्या दुपटीहून अधिक होता. त्या वर्षी पुष्कळ जण केनेडी मेडोजवरून गाडीने उत्तरेकडे गेले आणि सिएरा उन्हाळ्याच्या अखेरीस, बर्फ बराचसा उतरल्यावर, चालले.