खणातला चाकू: भंगार, हत्यार की इतिहास?

लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

ठाण्यात नौपाडा घ्या, डोंबिवली घ्या, नाहीतर जुनं कल्याण घ्या. सगळीकडे एकच गडबड चालू आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करायचंय, टेम्पो सांगून ठेवलाय. मग आजोबांचं टेबल उघडलं जातं. खणात काय काय निघतं! वाळलेली शाईची दौत, चष्म्याचं घर, जुने पास आणि एक मिटलेला, काळपट पडलेला छोटा चाकू. त्यावर घरात तीन मतं पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला द्या. दुसरा म्हणतो, अरे बापरे, हत्यार आहे, पोलीस धरतील. तिसरा लगेच मोबाईल काढतो आणि म्हणतो, थांबा, ऑनलाइन हे हजारोंना जातं!

तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण आधी हा चाकू आला कुठून ते बघू.

लेखणीचा सोबती

लोखंडकाम आपल्या भागाला नवीन नाही. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत आणि त्यांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. त्यात व्यापारी आहेत, सोनार आहे आणि नंद नावाचा एक लोहारही आहे. म्हणजे कल्याणचा लोहार दान देण्याइतपत बऱ्या स्थितीत होता.

मिटणाऱ्या चाकूची गोष्ट मात्र लेखणीशी जोडलेली आहे. 'चाकू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत आणखी एक सुंदर शब्द आहे, 'कलमतराश', म्हणजे कलम तासणारा. आपल्याकडे मोडी लिहायची ती बोरूने. बोरूचं टोक झिजलं की ते पुन्हा तासायचं आणि मधोमध चीर द्यायची. त्यासाठी छोटं, धारदार पातं जवळ हवंच. तिकडे इंग्लंडात हीच गरज पिसाच्या लेखणीमुळे पडली, म्हणून त्यांनी त्या चाकूला 'पेन-नाईफ' म्हटलं. दोन टोकांचे दोन देश, पण गरज तीच.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. खिशातला चाकू हा मुळात कारकुनाचा, लिहिणाऱ्याचा चाकू आहे. पुढे टाक आला, पेन्सिल आली, फाउंटन पेन आलं, पण चाकू राहिला. पेन्सिलीला टोक काढायला, पाकीट फोडायला, आंबा कापायला, सुतळी तोडायला तो लागायचाच. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्याच वर्षी कल्याण जोडलं गेलं. मुंबईच्या कचेरीत नोकरी आणि बिऱ्हाड इकडे, हे आयुष्य सुरू झालं. मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल या रुळांवरून घराघरांत पोचला. चाकूही तसाच आला.

'रॉजर्स'चा दबदबा

त्या काळी चाकू म्हटलं की शेफील्ड. आणि शेफील्डमधलं बडं नाव म्हणजे जोसेफ रॉजर्स अँड सन्स. या कंपनीची खूण चांदणी आणि माल्टीज क्रॉस, ती १६८२ मध्ये नोंदलेली. १८२२ पासून ही मंडळी इंग्लंडच्या राजघराण्याला चाकू-सुऱ्या पुरवत होती. आपल्याकडे तर 'रॉजर्सचा चाकू' म्हणजे चांगल्या चाकूचं दुसरं नावच झालं होतं.

जिथे नाव मोठं, तिथे नकलाही आल्याच. जर्मनीतल्या झोलिंगेनमधून आणि खुद्द शेफील्डमधूनही मिळत्याजुळत्या नावांचे चाकू निघायचे. रॉजर्स कंपनी त्यांच्याविरुद्ध वारंवार कोर्टात जायची. शेवटी ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा केला. हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ मध्ये आला. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का जगभर पसरला तो या भांडणातूनच. आज तो शिक्का मिरवण्याचा आहे, पण सुरुवातीला तो जर्मन मालाला ओळखता यावं म्हणून मारायला लावला होता!

पात्याच्या बुडाशी बघा

आता तुमच्या हातातल्या चाकूकडे या. पातं हळूच उघडा. मुठीजवळ जो सपाट, बोथट भाग असतो ना, त्यावर भिंगातून बघा. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरपा पाडा. संग्राहक पहिल्यांदा इथेच बघतात, कारण वय आणि वंश दोन्ही इथेच लिहिलेलं असतं.

मुकुट आणि त्याच्या बाजूंना 'व्ही' आणि 'आर' ही अक्षरं दिसली, तर ती व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १९०१ पर्यंतची. 'ई आर' असेल तर सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. 'जी आर' असेल तर पाचवा किंवा सहावा जॉर्ज, म्हणजे १९१० ते १९५२ मधली जवळजवळ सगळी वर्षं. 'इंग्लंड' असं देशाचं नाव असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखानदारांना ती सवय लागली. 'स्टेनलेस' लिहिलं असेल तर १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही. ते पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने त्या वर्षी बनवलं.

आता सावध व्हा. 'रॉजर्स'च्या खऱ्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी' आहे. 'डी' गायब असेल तर शंका घ्या. आणि 'डी' असला तरी लगेच हुरळू नका. कंपनीचं नाव पुढे दुसऱ्यांकडे गेलं आणि त्या नावाचे चाकू नंतरही बनत राहिले. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. शिक्का, पोलाद, मुठीचा माल आणि रिव्हेट या चारही साक्षीदारांची जबानी जुळली पाहिजे.

मग येते हालत. पातं वर्षानुवर्षं घासून बारीक झालंय का? उघडताना पाठीमागची स्प्रिंग ताठ आहे का, मिटताना 'टक्' असा आवाज येतो का? मूठ तडकली आहे का? आणि एक हात जोडून विनंती: पॉलिश पेपरने घासू नका! लाल गंज हा रोग आहे, पण काळपट-राखाडी छटा हे वय आहे. ती घालवली की संग्राहकाच्या लेखी अर्धी किंमत गेलीच समजा. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि कोरडं फडकं, एवढं पुरे. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

मग हा हत्यार कधी झाला?

पेन्सिल तासणारा चाकू बघून घरातलं कुणी दचकतं, याला कारण दुसराच एक चाकू आहे. तो उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. रॉजर्सच्या चाकूत फक्त स्प्रिंग असते, पातं दाबलं की मिटतं. रामपुरीत खटका असतो, उघडलेलं पातं अडकून बसतं. उघडताना जो करकर आवाज येतो, तो हिंदी सिनेमाने उचलला. १९६५ च्या 'वक्त'मधला राजकुमार आणि चाकूचा प्रसंग आजही लोकांना पाठ आहे. पुढे सत्तरच्या दशकात पडद्यावरच्या प्रत्येक गुंडाच्या हातात रामपुरी आला. रामपूरने मात्र ही ओळख मिरवायचं ठरवलं. २०२३ मध्ये तिथे एका चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला. पण इकडे आपल्या मनात घडीचा चाकू म्हणजे गुंडाचा, हे पक्कं बसलं ते बसलंच. कारकून विसरला गेला.

कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण इथे गंमत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आजोबांचा तीन इंची चाकू या मापात बसत नाही. पण थांबा! महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुऱ्या, काठ्या, तलवारी बाळगून फिरायला बंदी असते. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर इथे, सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश नेहमी निघतात. तेव्हा चाकू घरच्या कपाटात ठेवणं वेगळं आणि तो खिशात घालून डोंबिवली फास्ट पकडणं वेगळं. मित्रांना दाखवायचाय? फोटो दाखवा.

मोबाईलवरची किंमत

आता तिसऱ्या मताकडे येऊ. ऑनलाइन जो आकडा दिसतो, तो विकणाऱ्याने मागितलेला आकडा असतो. मागायला कोण काहीही मागेल! बघायचं असेल तर 'विकले गेलेले' असा फिल्टर लावून बघा. तोच मेकर, तीच खूण, तीच हालत, असे पाच-सहा सौदे मिळाले की खरा अंदाज येतो. एकाच मोठ्या सौद्यावरून स्वप्नं बघू नका.

दुसरी अडचण म्हणजे तो आकडा परदेशातला आहे. १०० वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तिसरी अडचण मुठीची. हस्तिदंताची मूठ असलेला चाकू परदेशी यादीत सगळ्यात वर दिसेल. पण भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. सांबरशिंगाच्या मुठीचंही तसंच. म्हणजे जो चाकू यादीत सगळ्यात महाग, तोच इथे विकता येत नाही. अशी मूठ सापडली तर आधी वन विभागाकडे चौकशी करा, ग्राहक शोधू नका.

मग काय उरलं? मोल उरलं. पुण्याचे दिनकर केळकर आठवा. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव हिंडून दिवे, दौती, फण्या, अडकित्ते गोळा करत होता. अडकित्ता! घरोघरी पानाच्या डब्यात पडलेली वस्तू. तेव्हा कुणाला वाटलं असेल की ही तिकीट काढून बघायची चीज आहे? आज त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभ्या असलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीसेक हजार वस्तू आहेत, आणि अडकित्त्यांपुढे लोक थबकतात. घोड्याच्या आकाराचे, मोराच्या आकाराचे, माणसांच्या जोड्यांचे. केळकरांनी बाजारभाव बघितला नाही. रोजच्या वापराची वस्तू तेवढी हरवते, हे त्यांनी ओळखलं. राजाची तलवार कुणीतरी जपतंच. कारकुनाचा चाकू कोण जपणार?

तर या आठवड्याचं काम देतो. खणातला चाकू काढा. दोन्ही बाजूंचे आणि शिक्क्याचा असे तीन फोटो काढा. बाजूला पट्टी ठेवा, माप कळेल. आणि घरात जे कुणी सगळ्यात वयस्कर असतील, आजी असो, काका असो, त्यांच्याजवळ बसून फोनमध्ये रेकॉर्ड करा: हा चाकू कुणाचा, कधी घेतला, कुठल्या दुकानातून, कशाला वापरायचे. शिक्का तुम्हाला कारखाना सांगेल, साल सांगेल. पण तो चाकू कुठल्या कचेरीत पेन्सिली तासत होता, हे पोलादावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. टेम्पो दारात आला की कुणालाच वेळ नसतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि चाकू जपून मिटा, बोट सांभाळून!