कंत्राटी कामगार पद्धत (नाशिक)

कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्याच यंत्रावर राबणारा, पण हजेरी आणि पगार ठेकेदाराच्या नावाने असलेला कामगार म्हणजे कंत्राटी कामगार. नाशिकच्या सातपूर व अंबड वसाहतींत, तसेच सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यांत भरती, वेतनातील तफावत, न टिकणारे मनुष्यबळ, सुरक्षितता असे व्यवस्थापनापुढचे बहुतेक प्रश्न फिरून या पद्धतीपाशीच येतात.

नाशिकला पक्क्या नोकरीची ओळख करून दिली ती सरकारी कारखान्यांनी. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय १९२५ मध्ये सुरू झाले, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना १९६४ मध्ये आला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर सातपूर आणि पुढे अंबड वसाहत उभी राहिली. मायको (आताची बॉश), महिंद्रा, सिएट, क्रॉम्प्टन, मूळची ब्रिटिश ग्लॅक्सो अशा कंपन्या येथे आल्या. त्यांपैकी एकीत ‘कायम’ होणे म्हणजे घर उभे राहणे, असा हिशेब एका पिढीने केला. शहरातील एका चौकाचे नाव आजही मायको सर्कल आहे.

कायम कामगारांचे संबंध युनियनमार्फत चालतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याप्रमाणे किमान ३० टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मागता येते. मग मागणीपत्र, वाटाघाटी आणि वेतनवाढीचा करार हा क्रम ठरलेला. संघर्षही झाले. मे २००९ मध्ये महिंद्राच्या नाशिक कारखान्यात संघटनेच्या पदाधिकाऱ्याच्या निलंबनावरून संप झाला. मात्र कराराचा लाभ प्रामुख्याने कायम कामगारांपुरता राहतो. ठेकेदाराचा कामगार त्याच लाइनवर उभा असूनही कराराच्या बाहेर असतो. त्याला संघटित करण्याचे काम जिल्ह्यात सिटू ही कामगार संघटना आणि तिचे नेते डॉ. डी. एल. कराड यांनी दीर्घकाळ केले आहे.

पद्धतीचे मर्म ‘ब्रेक’ या एका शब्दात आहे. आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत सलग २४० दिवस काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करावे लागते. म्हणून सहा-सात महिने झाले की ब्रेक दिला जातो. काही दिवस घरी बसायचे, मग नवे पत्र, नवा गेटपास आणि पुष्कळदा नव्या ठेकेदाराचे नाव. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच राहत असल्याने पासबुकात एकाच माणसापुढे चार-पाच आस्थापनांची नावे लागतात; फाटक मात्र एकच असते. कायमपणाचे लाभ टाळण्यासाठी कामगारांना वर्षानुवर्षे बदली, हंगामी वा तात्पुरते ठेवणे ही १९७१ च्या कायद्यातील चौथ्या परिशिष्टात सहाव्या क्रमांकाची अनुचित प्रथा आहे. कायद्याचे शब्द इतके स्पष्ट असताना ब्रेक देण्याची रीत चालू राहणे हा अन्याय आहे.

व्यवस्थापनाची अडचणही खरी आहे. वाहनांच्या सुट्या भागांची मागणी महिन्यागणिक हलते. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली, तेव्हा डिझेल इंजिनांच्या भागांवर चालणाऱ्या कारखान्यांना उत्पादनाची घडीच बदलावी लागली. तरीही सतत माणसे बदलण्याची किंमत मोजावी लागतेच. प्रेसवर हात बसायला वेळ लागतो आणि हात न बसलेल्याचीच बोटे जातात. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथील कारखान्याच्या आगीत कामगारांचे बळी गेले. अशा वेळी आत कोण कोण होते याचा पहिला पुरावा म्हणजे हजेरीपट. तो कंपनीचा एक आणि ठेकेदारांचा वेगळा असा विखुरलेला असू नये. परप्रांतीय कामगारांवर कारखाने किती अवलंबून आहेत, ते कोविडच्या टाळेबंदीत दिसले. देशातील पहिल्या श्रमिक रेल्वेगाड्यांत १ मे २०२० रोजी नाशिकरोडहून भोपाळला सुटलेली गाडी होती.

महिला कामगारांबाबत प्रश्न दुहेरी होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी स्त्रीही येते. पण तक्रार केली तर पुढचे पत्र मिळेल का, ही धास्ती तिला गप्प बसवते.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न एजन्सी कामगारांचा आहे. तेथे १ ऑक्टोबर २०११ पासून लागू असलेल्या नियमांनी एकाच ठिकाणी बारा आठवडे काम केलेल्या एजन्सी कामगाराला वेतन आणि मूलभूत सेवाशर्तींत थेट नेमलेल्यांच्या बरोबरीचा हक्क दिला. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. मुदतबंद नेमणुकीच्या कामगाराला कायम कामगारासारखेच वेतन व लाभ, आणि पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही त्यांतील मोठी सुधारणा. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे, पण अपवादही आहेत. आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० किंवा अधिक असे कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू होतात.

दाद मागण्याची वाट आजवर बिकटच राहिली आहे. कंत्राट निषिद्ध ठरले तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटी खटल्यात म्हटले. त्याच वर्षीच्या सिप्ला खटल्यात ठरले की मालक-कामगार नातेच वादात असेल तर १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालत नाही. ते नाते आधी वेगळ्या कार्यवाहीत सिद्ध करावे लागते. त्यामुळे कंपनीने थेट नेमलेला तात्पुरता कामगार ९० दिवसांच्या आत औद्योगिक न्यायालयात जाऊ शकतो, तर त्याच लाइनवरच्या ठेकेदाराच्या कामगाराला आपण कोणाचे कामगार आहोत, हेच आधी सिद्ध करावे लागते.