कावसजीचं नाक

आमचा पुतण्या गेल्या महिन्यात नागपूरहून ऑपरेशन करून गोंदियाला परत आला. खर्ऱ्यापायी त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, भाताचा घास जाईना. डॉक्टरांनी गालाच्या आतले कडक झालेले पट्टे कापले आणि नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी एका टोकाला जोडलेलीच ठेवून, आत वळवून तिथे शिवली. ते टोक तुटलं तर रक्त पोचत नाही आणि कातडी मरते, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या पुण्याच्या कुंभाराचं काम! डॉक्टर हसले. त्यांना ठाऊक होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. नावावरून पारशी वाटेल, पण होता मराठा शेतकरी. तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत एका पत्रातून चित्रासकट छापून आली.

कृती वाचून मी थक्क झालो. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करायचं. ते चपटं करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये देठ राखायचा. उरलेल्या नाकाच्या कडा ताज्या कापायच्या, कातडी पिळून खाली आणायची, खाचेत बसवायची. वर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. (कात, म्हणजे पानाला लावतो तोच!) चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. देठ कापायचा पंचविसाव्या दिवशी.

सुश्रुताने नाकासाठी गालाची कातडी सांगितली होती, ही कपाळाची. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये हीच रीत वापरून नाक केलं, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे ती युरोपभर पसरली. ऑपरेशन पाहिलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं त्या पत्रात आहेत. करणाऱ्याचं नाही.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. सुश्रुत दरवर्षी सांगितला, हा कुंभार एकदाही नाही.

आणखी एक लिहायचं राहतंय. मधल्या सुट्टीत मी पोरांच्या हातात पैसे देऊन, “जा रे, ठेल्यावरून खर्रा घोटून आण,” म्हणत असे. हा पुतण्याही त्यांतलाच.

परवा त्याच्याकडे गेलो तर तो आरशासमोर बसून तोंड उघडण्याचा व्यायाम करत होता, दातांमध्ये आईस्क्रीमच्या काड्या एकेक करून वाढवत. मला पाहून काड्या काढल्या आणि म्हणाला, “काका, आज पंधरा गेल्या.”

मी हातात घेऊन मोजल्या. पंधराच होत्या.