मानसोपचार घेतले तर सरकारी नोकरी मिळते का?

“डॉक्टर, केसपेपर माझ्या नावाने काढू नका. पुढे भरतीत अडचण येईल.” सोलापूरच्या अभ्यासिकांमधून येणारी स्पर्धा परीक्षेची मुले-मुली हे वाक्य अनेकदा बोलतात. झोप उडालेली असते, वाचलेले डोक्यात राहत नाही, छातीत धडधडते. तरीही शिक्का बसेल या भीतीने वर्ष-दोन वर्षे उपचार टाळले जातात. ही भीती कितपत खरी आहे, ते पाहू.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवा.

• पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात दाखल होता, एवढ्यावरून तुम्ही आज मनोरुग्ण आहात असे ठरवता येत नाही (कलम ३).
• मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे ती व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘मनोविकल’ ठरत नाही. तसे फक्त सक्षम न्यायालय जाहीर करू शकते.
• तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे (कलम २३). कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे, असे मोजकेच अपवाद आहेत.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी आस्थापनेला नोकरीत अपंगत्वावरून भेदभाव करता येत नाही. दीर्घकालीन मानसिक आजारामुळे किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झाले असेल, तर त्यासाठी सुयोग्य ठरवलेल्या पदांवर आरक्षणही मिळू शकते.

पडताळणीत काय पाहतात?

चारित्र्य पडताळणी पोलीस करतात. त्यात गुन्हे आणि खटल्यांची नोंद पाहिली जाते, दवाखान्याचे कागद नव्हे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो. उलट काही सिद्ध झाले नाही तर त्यासाठी खटला किंवा शिक्षा होत नाही (कलम ११५).

वैद्यकीय तपासणी वेगळी असते. तिथे आज तुम्ही त्या पदाचे काम करू शकता का, हे पाहतात. लिपिक, तलाठी, शिक्षक अशा पदांसाठी उपचारांनी आटोक्यात असलेले नैराश्य किंवा चिंताविकार सहसा आड येत नाही. जिथे हातात शस्त्र किंवा अनेकांचा जीव असतो, तिथे निकष कडक आहेत: सैन्यदले, निमलष्करी दले, पोलीस, रेल्वेचे चालक. तिथे तीव्र मानसिक आजाराचा पूर्वेतिहास अपात्रतेचे कारण ठरू शकतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या भरतीचे वैद्यकीय निकष नीट वाचा.

फॉर्ममध्ये विचारले तर?

खरे लिहा. केंद्रीय सेवांच्या तपासणीतील घोषणापत्रात पूर्वीच्या आजारांबद्दल प्रश्न असतात, आणि जाणूनबुजून माहिती लपवल्यास नेमणूक जाऊ शकते असा इशाराही असतो. म्हणजे बऱ्याचदा आजारापेक्षा लपवणे महागात पडते. मात्र जे विचारलेलेच नाही, ते स्वतःहून सांगत बसण्याची गरज नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून निदान, उपचारांचा काळ आणि सध्याची प्रकृती सांगणारे प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

तपासणीच्या तोंडावर गोळ्या अचानक बंद करू नका. त्याने चक्कर, बेचैनी, निद्रानाश होतो आणि आजार उलटू शकतो. नेमक्या त्याच दिवशी तुम्ही अपात्र दिसाल.

नोकरी लागल्यानंतर

सेवेत असताना अपंगत्व आले, म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते (अपंग व्यक्ती हक्क कायदा, कलम २०). काही आस्थापनांना सरकार यातून सूट देऊ शकते. तरीही १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील, मंत्रचळ (ओसीडी) आणि नैराश्य असलेल्या एका अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई भेदभाव करणारी ठरवून रद्द केली.

कुठे जावे?

सोलापुरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, मानसोपचाराची सोय आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

ताबडतोब मदत घ्या: जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील तर जाहिरात आणि निकालाची वाट पाहू नका. वेळेत उपचार घेतलेला उमेदवार अभ्यासाला परत बसू शकतो. न घेतलेल्या उपचारांची नोंद कुठेच नसते, पण परीक्षेचे वाया गेलेले वर्ष परत मिळत नाही.