गोधडी उसवली तेव्हा

मागच्या महिन्यात मी एक मूर्खपणा केला, आजचा भाग त्यातूनच निघालाय. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी पांघरुणं धुवायची आमच्याकडे पद्धत. आजी चिंचवडला पवनेच्या घाटावर गोधड्या घेऊन जायची, दोघीजणी दोन टोकं धरून पिळायच्या. मी राहतो अकराव्या मजल्यावर. तिची शेवटची गोधडी मी सरळ वॉशिंग मशीनमध्ये कोंबली. बाहेर आली ती वीतभर उसवून.

आजी जाऊन चार वर्षं झाली. पोटात खड्डाच पडला. मग त्या भोकातून आत बघितलं.

वर माझे शाळेचे शर्ट. त्याखाली आजीचं हिरवं सुती लुगडं, विरून जाळी झालेलं. आणि सगळ्यात आत जाड निळं कापड, काजं तशीच. आई म्हणाली, "हा मामांचा कंपनीचा ड्रेस. आत्याबाईंनी जुन्या वाकळेवरच नवीन चढवली होती." म्हणजे जितकं आत, तितकं जुनं. आमच्या भाषेत सांगायचं तर आजीने एकही कमिट डिलीट केला नव्हता.

तो ड्रेस इथे आला कसा, हे बघायला जरा मागे जाऊ. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-चिंचवडच्या शेतांत शेड उठल्या. 1970 साली पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी मिळून नगरपालिका झाली, 1982 ला महापालिका. चाकणचा पट्टा त्यानंतरचा. मध्ये 1972 चा दुष्काळ पडला आणि माझे आजोबा बीड जिल्ह्यातून भोसरीला आले. सोबत एक ट्रंक आणि एक वाकळ.

गावाकडे वाकळेचा हिशोब सोपा होता. नऊवारी लुगडं म्हणजे आठ-सव्वाआठ मीटर सुती कापड. अंगावर फाटलं की त्याचं अस्तर, उरलेल्या चिंध्यांची भर, तान्ह्या बाळाला दुपटं. आजी कडेपासून धावदोरा घालत आत आत जायची, शेवटचा टाका मधोमध. बंगालात कांथा, जपानच्या उत्तरेला बोरो, युक्ती हीच. गाडगे महाराज तर अंगावर चिंध्यांचीच गोधडी घालून फिरायचे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. पण ज्यांच्याकडे दुसरं पांघरूणच नव्हतं, त्यांच्यासाठी गोधडी म्हणजे हौस नव्हती. आज दुकानात 'हँडमेड' चिठ्ठी लावलेली बघितली की मला हे आठवतं.

शहरात आल्यावर चिंधीला गिऱ्हाइकं वाढली. एक म्हणजे कारखाना. लेथवर काम करणाऱ्याला हात पुसायला रोज चिंधी लागते, आणि तेल शोषायला सुतीच हवी. दुसरी बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, "भांडीऽऽ" अशी हाळी. जुने कपडे द्या, स्टीलचं पातेलं घ्या. टेरिकॉट आल्यावर आजीचं तिच्याशी छान जमलं. टेरिकॉट घाम शोषत नाही, पांघरून ऊबही धड येत नाही, म्हणून ते सगळं बोहारणीला. सुती मात्र एक चिंधी दिली नाही. जरीचं लुगडं असेल तर बोहारणीचा चेहरा बदलायचा म्हणे, कारण खरी जर जाळली की चांदी निघते. घासाघीस तासभर चालायची, शेवटी एक चमचा जास्त मिळाला की दोघी खूश. आमच्या घरातली निम्मी भांडी अशीच आलीत. आता आमच्या सोसायटीच्या गेटवर बोहारणीला आत सोडत नाहीत, आणि आम्ही कपडे कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

पण मग आजीने आजोबांचा ड्रेस कंपनीतल्यासारखा पुसायला का नाही वापरला? सुतीच होता, मजबूत होता. आईला विचारलं तर म्हणाली, "मामा गेले त्या वर्षीची आहे ती." एवढंच. मला हे माहीत नव्हतं. सहा-सात वर्षं मी तीच गोधडी पांघरून झोपायचो.

मी म्हटलं, उसवलेलं तसंच ठेवू, फ्रेम करू, निळं कापड दिसत राहील. आई म्हणाली, "थंडीत काय फ्रेम पांघरणार आहेस?" आणि सुई माझ्याच हातात दिली. आधी फोटो काढले, मग शिवायला बसलो. वीतभर शिवणीला पाऊण तास लागला. आजीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा हरभऱ्याएवढा. कोणता तुकडा कोणी शिवला, ते पुढे कुणालाही लगेच कळेल.